वृद्धांचा निवारा व सांभाळ : इतर देशांचे अनुभव आणि आपला जिल्हा

(जालना येथे ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, आशा कार्यकर्त्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



इतर देशांत वृद्धांच्या निवाऱ्याची व सांभाळाची व्यवस्था कशी केली जाते आणि तिच्यातून आपण काय घ्यावे, असा विषय आयोजकांनी मला दिला आहे. असा विषय ऐकला की श्रोत्यांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. ते देश श्रीमंत, त्यांचे पाहून आपल्याला काय करावयाचे, ही पहिली. आपल्याकडे घरोघर मुले-सुना आहेत, आपल्याला ही उठाठेव कशाला, ही दुसरी. या दोन्ही शंका मी बाजूला सारणार नाही. पहिलीचे उत्तर असे की, या देशांनी पैसा खर्चून ज्या चुका केल्या, त्या आपल्याला फुकट पाहावयास मिळतात. गरिबाने श्रीमंताकडून शिकण्यासारखे याहून स्वस्त काही नाही. दुसरीचे उत्तर जरा लांबचे आहे आणि ते परदेशात शोधण्याऐवजी आपल्याच घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा तालुक्यांत शोधावे लागेल.

प्रथम थोडी आकडेवारी. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. जालना जिल्ह्याची लोकसंख्या त्या वेळी १९ लाख ५९ हजार. राज्याचे प्रमाण जिल्ह्याला लावून पाहिले, तर त्याच वर्षी आपल्या आठ तालुक्यांत मिळून सुमारे एक लाख नव्वद हजार वृद्ध असावेत, असा हिशेब निघतो. आज ही संख्या वाढलेलीच असणार. आता २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा केंद्रीय कायदा घ्या. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्यात आहे. त्यापूर्वी १९९५ मध्ये आपल्या राज्याने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली, तीही जिल्हावारच. दोन्ही पावले योग्य दिशेची. परंतु दीडशे खाटा पूर्ण भरल्या तरी दर बाराशे-तेराशे वृद्धांमागे एक खाट होते. उरलेल्या सर्वांचा सांभाळ घरात आणि गावातच होणार आहे, हे एकदा मनाशी पक्के केले की परदेशात काय पाहावयाचे व काय सोडून द्यावयाचे, हे आपोआप ठरते.

गावात मागे कोण राहते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रक, ट्रॅक्टर भरतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. अंकुशनगरला आपल्या जिल्ह्यात कारखाना असला तरी हे स्थलांतर थांबलेले नाही. पाच-सहा महिने गावातील कित्येक घरांत राहतात ते फक्त म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहे चालविली. अलीकडे २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली आणि तिच्या पहिल्या टप्प्यात बीड व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांबरोबर जालन्याचाही समावेश झाला. हे फार चांगले झाले. पण हंगामी वसतिगृहाची रचना नीट पाहिली तर असे दिसते की, मुले जेवतात शाळेत आणि रात्री झोपावयास जातात आजीकडे. म्हणजे ज्या आजीची काळजी कोणी घ्यावी असा आपला प्रश्न आहे, तीच आजी या योजनेचा अर्धा भार वाहते आहे. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही.

जालना शहराची गोष्ट निराळी, पण शेवट तोच. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांच्या व्यापारावर वाढलेल्या या शहरातील शिकलेली मुले पुण्याला, बंगलोरला, काही तर अमेरिकेला गेली. मागे दुमजली घर आणि त्यात दोन म्हातारी माणसे. जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात. पाळण्यातली मुले मोठी होऊन दूर जाणारच, त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील जांब गावच्या समर्थ रामदासांची कथा सर्वांना ठाऊक आहे. बोहल्यावरून निघून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी आईला भेटला, तोवर तिची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. आपण कीर्तनात त्या भेटीचेच ऐकतो. मधल्या वर्षांत राणूबाईंना सांभाळले कोणी, हे आपण विचारीत नाही. ते जांबेत राहिलेल्या थोरल्या बंधूंच्या घराने सांभाळले. सांभाळणारे घर कथेत नेहमीच मागे राहते.

आणि जेथे मुले गावातच आहेत तेथे? तेथे पाळी असते. शेताची वाटणी झाली की आई-वडिलांचीही होते. महिना या घरी, महिना त्या घरी. कोठे कोठे आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. सत्तरीतील नवरा-बायको एकाच गल्लीत राहून एकमेकांना पारावर भेटतात. याला कोणी वृद्धाश्रम म्हणत नाही, एवढेच.

दोन इशारे

नवरा-बायकोंना असे वेगळे करण्याची रीत इंग्लंडने एके काळी कायद्यानेच चालविली होती. १८३४ च्या गरिबांच्या कायद्याने तेथे निराधारांसाठी कामगृहे उभारली गेली. आत येणाऱ्याला ती नकोशी वाटावीत, म्हणजे लोक मदत मागणार नाहीत, असे त्यामागचे तत्त्व. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, अंगावर संस्थेचे कपडे. १९४८ च्या कायद्याने हा कारभार संपविला आणि वृद्धांसाठी लहान, घरासारख्या संस्था काढण्याचे ठरविले. पुढे पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने देशभर हिंडून अशा १७३ संस्था पाहिल्या आणि १९६२ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्याला काय दिसले? पाटी बदलली होती, पण हजारो वृद्ध अजून त्याच जुन्या कामगृहांच्या इमारतींत, त्याच लांबलचक दालनांत दिवस काढीत होते. इमारत एकदा उभी राहिली की ती भरावी लागते. मग माणसाला काय हवे यापेक्षा खाट रिकामी आहे काय, हे महत्त्वाचे ठरते. आपल्याकडे कोणी दानशूर गृहस्थ पुढे येऊन दोनशे खाटांची कोनशिला बसवू म्हणतात, तेव्हा त्यांना नमस्कार करून हा इतिहास जरूर सांगावा.

दुसरा इशारा जपानचा. १९७३ मध्ये जपानने सत्तर वर्षांवरील सर्वांना औषधोपचार मोफत केले. हेतू उदात्तच होता. परंतु घरी सांभाळणारी व्यवस्था काहीच नव्हती. परिणाम असा झाला की, रोग फारसा नसलेली, केवळ घरी पाहणारे कोणी नाही म्हणून आणलेली वृद्ध माणसे महिनोन्‌महिने रुग्णालयांत राहू लागली. जपानी भाषेत या प्रकाराला एक नावच पडले. त्याचा अर्थ होतो, सामाजिक कारणासाठी रुग्णालयात भरती. सरकारचा खर्च वाढत गेला आणि दहा वर्षांत ती संपूर्ण मोफत योजना मागे घ्यावी लागली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार उपलब्ध झाले आहेत. ही मोठीच गोष्ट आहे. पण रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी अंघोळ कोण घालणार, ही जागा या योजनेने भरत नाही आणि ते तिचे कामही नव्हे.

घर सोडावयास न लावता

ही रिकामी जागा कशी भरावी, हे डेन्मार्कने दाखविले. त्या देशात स्केविंगे नावाची सुमारे पाच हजार वस्तीची एक लहान नगरपालिका होती. आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी म्हणा ना. १९८४ मध्ये तेथे एक प्रयोग झाला. गावात एक वृद्ध शुश्रूषागृह होते. त्याच्या परिचारिका आणि मदतनीस केवळ तेथे राहणाऱ्यांसाठी न ठेवता साऱ्या गावासाठी मोकळ्या करण्यात आल्या. दिवसा किंवा रात्री, ज्याला गरज असेल त्याच्या घरी त्या जाऊ लागल्या. शुश्रूषागृहातील खोल्या साध्या राहत्या घरांत रूपांतरित झाल्या. शुश्रूषागृहाचे आरोग्यकेंद्र झाले. पुढे देशाने कायदाच केला आणि १९८८ पासून जुन्या धर्तीची नवी शुश्रूषागृहे बांधणे बंद केले. त्याऐवजी वृद्धांना सोयीची स्वतंत्र घरे बांधावयाची व मदत घरी पोहोचवावयाची, असे धोरण ठरले. १९९६ च्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. विशिष्ट वयाच्या वरील प्रत्येकाच्या घरी, तो आजारी असो वा नसो, नगरपालिकेच्या माणसाने भेटीसाठी जाण्याची तयारी दाखवावयाची. चूल पेटते काय, औषध कोण आणून देते, पाय घसरेल अशी जागा कोठे आहे, एवढ्याच गप्पा. अलीकडच्या वर्षांत तेथेही घरपोच मदतीच्या तासांना कात्री लागली आहे आणि त्याविरुद्ध तक्रारी होत आहेत, हेही सांगितले पाहिजे; कोणताच देश स्वर्ग नाही.

कोणी म्हणेल, घरोघर परिचारिका पाठविणे डेन्मार्कला परवडते. मग आपण केरळकडे पाहू. तेथे १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशामक उपचारांचे काम सुरू झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांतून स्वयंसेवक मिळाले आणि २००८ मध्ये राज्य शासनाने धोरण जाहीर करून हे काम पंचायतींकडे दिले. पंचायतीची परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते, जखमा धुते, नळी बदलते आणि घरच्यांना ते करावयास शिकविते. केरळ काही डेन्मार्कएवढे श्रीमंत नाही. फरक असा की, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी तेथे पंचायतीकडे असते. आपल्याकडे जनावरांच्या लसीकरणाची नोंद असते, घरपट्टीच्या थकबाकीची असते. गावात किती माणसे सहा महिन्यांपासून उंबऱ्याबाहेर आलेली नाहीत, याची नोंद किती ग्रामपंचायतींपाशी आहे?

उंबऱ्यावरून आठवले. आपला विषय निवाऱ्याचाही आहे. मराठवाड्यातील माळवदाच्या घराचा उंबरा उंच, दार ठेंगणे, ओसरीची पायरी हातभर आणि तिला कठडा नाही. तरुणपणी हे सारे अंगवळणी पडलेले असते. सत्तरीनंतर तीच पायरी माणसाला घरात कोंडते. नवे घरकुल आले तरी फार फरक पडला, असे दिसत नाही. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आणि आपल्यासारख्या सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. शौचालय असते, पण अंगणाच्या टोकाला, दोन पायऱ्यांवर, उकिडवे बसावयाचे. गुडघे गेलेल्या बाईने त्याचा वापर कसा करावा? ती मग पाणीच कमी पिते, संध्याकाळी जेवत नाही. हे ती कोणाला सांगत नाही; आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

जपानमध्ये १ एप्रिल २००० पासून वृद्धशुश्रूषेचा सार्वत्रिक विमा लागू झाला. चाळिशीनंतर प्रत्येकाने वर्गणी भरावयाची, निम्मा खर्च वर्गणीतून व निम्मा सरकारी तिजोरीतून, आणि विम्याचा कारभार नगरपालिकेकडे, अशी ती योजना आहे. तिचे बरेच अंग आपल्याला आज पेलणारे नाही. परंतु तिच्यातील एक बारीकशी तरतूद मला फार मोलाची वाटते. घरात वृद्ध व्यक्ती असेल तर कठडे बसविणे, उंबरा सपाट करणे, घसरणारी फरशी बदलणे, उकिडव्या शौचकुपाऐवजी बसण्याचे बसविणे, यासाठी विम्यातून दोन लाख येनपर्यंतच्या खर्चास मदत मिळते. आपल्या हिशेबाने ही रक्कम लाखभराच्या पुढे जाते. आपल्याला इतकी लागणार नाही. शौचालयाच्या भिंतीत हातभर लांबीची लोखंडी नळी, पायरीच्या जागी उतार आणि बसावयास एक भक्कम खुर्ची, एवढ्याने भागेल. जालन्याच्या कारखान्यांत तयार होणारी सळई दूरदूरच्या इमारतींना आधार देते. त्याच जालना तालुक्यातील म्हातारीच्या न्हाणीत धरावयास काही नसते, ही गोष्ट येथील उद्योजकांनी मनावर घेतली, तर एका हंगामात निकालात निघेल.

सुनेचा हिशेब

जर्मनीने १९९५ मध्ये अशाच स्वरूपाचा विमा आणला. त्यात एक निवड ठेवली आहे. वृद्ध व्यक्तीने संस्थेची माणसे घरी बोलवावी, किंवा घरातील माणूसच सांभाळणार असेल तर त्याऐवजी रोख रक्कम घ्यावी. इतकेच नव्हे, तर सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात विम्याकडून रक्कम भरली जाते, कारण तिने आपली नोकरी कमी केलेली असते. आपल्याकडे सांभाळ म्हटला की भाषणे मुलावर होतात. काम मात्र सून करते. मजुरी बुडवून करते, आणि ती ऊसतोडीला गेली तर तिच्या मागे करणारे कोणी उरत नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये दरमहा दीड हजार रुपये झाले. ते वृद्धाच्या हाती येते आणि यावयासच हवे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्या बाईला थोडे का होईना स्वतंत्र मानधन असावे, असा विचार राज्याच्या पातळीवर व्हावयास हरकत नाही. सेवेला पैशाने मोजू नये, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, ती सेवा आजवर त्यांनी स्वतः किती दिवस केली आहे?

फेइश्यांगचा प्रयोग

आता ज्या उदाहरणासाठी मी आपला सर्वांत अधिक वेळ घेणार आहे, त्याकडे वळतो. ते चीनमधील आहे आणि आपल्या परिस्थितीच्या सर्वांत जवळचे आहे. चीनच्या उत्तरेकडील हबे प्रांतात फेइश्यांग नावाचा तालुका आहे. शेतीचा भाग, उत्पन्न बेताचे, तरुण मंडळी शहरांत मजुरीला गेलेली, गावात मागे वृद्ध. आपलाच चेहरा आरशात पाहावा, तसे वर्णन आहे. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून ज्यांना अपत्य नाही, जमीन कसण्याचे बळ नाही, अशांना अन्न, वस्त्र, निवारा, औषध व अंत्यसंस्कार यांची हमी देण्याची पद्धत होती. पण ज्यांना मुले आहेत, फक्त ती दूर आहेत, अशांसाठी काहीच नव्हते. ही नेमकी आपल्याकडचीही अडचण आहे. निराधार ठरावयास मुलगा नसावा लागतो, आणि मुलगा तर कऱ्हाडला उसाच्या फडात असतो.

२००८ मध्ये या तालुक्यातील एका गावात बंद पडलेल्या शाळेची इमारत दुरुस्त करून तिचे वृद्धांसाठी सामाईक घर करण्यात आले. एकेका खोलीत दोघे, सामाईक स्वयंपाकघर, पुढे अंगण. इमारत, वीज, पाणी, इंधन यांचा खर्च गावाने करावयाचा. धान्य, तेल, कपडे, औषध ज्याच्या त्याच्या मुलांनी द्यावयाचे. आणि काम करण्यासाठी बाहेरचा नोकर नाही. साठीतल्यांनी सत्तरीतल्यांचे पाहावयाचे, धडधाकटाने दुबळ्याचे. स्वयंपाक, झाडलोट, भाजीचा वाफा हे सारे त्यांचे तेच. जागा गावातच असल्यामुळे कोणाला घर सोडल्यासारखे वाटले नाही. दुपारी आपल्या घरी चक्कर टाकावी, कुलूप पाहावे, परत यावे. मुलांनाही लाज वाटण्याचे कारण उरले नाही. आपले आई-वडील कोठे दूरच्या संस्थेत टाकले, असे कोणी म्हणू शकत नव्हते. हा खर्च इतका थोडा होता की तालुक्यातील इतर गावांनीही तो उचलला आणि पुढे सरकारने देशभर त्याचे अनुकरण करण्यास उत्तेजन दिले.

येथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढचे ऐकणेही तितकेच आवश्यक आहे. या घरांत स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असे. अंथरुणाला खिळलेल्यासाठी, भ्रम झालेल्यासाठी तेथे सोय नव्हती. म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज, तो बाहेर. दुसरे असे की, वरून उद्दिष्ट ठरवून घरे काढण्यास सुरुवात झाल्यावर कित्येक ठिकाणी इमारती रंगविल्या गेल्या, पाट्या लागल्या आणि आत राहावयास कोणी आले नाही. जेथे गावाने स्वतः मागणी केली आणि चालविणारा एखादा खटपट्या माणूस होता, तेथेच ते टिकले. सरकारी योजनांचा अनुभव असलेल्या या सभेला याचा अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

आपल्याकडे हे बसेल काय?

जशाच्या तसे बसणार नाही. बारा महिन्यांची गरज आपल्याला बहुतेक गावांत नाही; कार्तिकापासून चैत्रापर्यंतची आहे. म्हणून प्रथम प्रयत्न हंगामी घराचा व्हावा. ज्या गावांतून टोळ्या मोठ्या संख्येने जातात, तेथे रिकामी वर्गखोली किंवा समाजमंदिर हंगामापुरते घ्यावे. हंगामी वसतिगृहाची चूल जेथे पेटते, तेथेच वृद्धांचे जेवण शिजावे. मुले आणि आजी-आजोबा एका ठिकाणी जेवतील, तर मुलांना सोबत मिळेल आणि आजीची चूल सुटेल. आजीने त्या बदल्यात भाजी निवडावी, रात्री मुलांजवळ झोपावे; मात्र मग तिचे नाव हजेरीपटावर यावयास हवे आणि त्यासाठी दोन्ही खात्यांचे नियम एकमेकांशी बोलते करावे लागतील. हे काम गावपातळीवर होणारे नाही, ते जिल्हा परिषदेने करावे.

खर्चाची वाटणी फेइश्यांगसारखीच राहू द्यावी. छप्पर, वीज, पाणी गावाने द्यावे. धान्य घरचे असावे. निघण्यापूर्वी टोळीतील प्रत्येक जोडप्याने आई-वडिलांच्या नावे ज्वारी-गव्हाचे माप सर्वांसमोर जमा करावे. आज उचल मिळते तेव्हा तिच्यातून म्हाताऱ्यांच्या हाती काय ठेवले जाते, हे कोणी पाहत नाही. चार माणसांसमोर माप घालावयाचे म्हटले की ते पूर्ण घातले जाते.

एक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चीनच्या त्या गावात एका चुलीवर सर्वांनी जेवण्याचा प्रश्न आला नाही. आपल्याकडे येईल. स्वयंपाक कोणी करावयाचा, पंगत एक की दोन, पाण्याच्या माठाला हात कोणी लावावयाचा, हे प्रश्न उघड कोणी विचारणार नाही. पण पहिल्या आठवड्यात चार म्हातारी माणसे काही तरी कारण काढून घरी परततील. शाळेतल्या खिचडीने मुलांची पंगत एक केली, म्हाताऱ्यांची अजून झालेली नाही. माझे मत असे की, येथे तडजोड करून वस्तीवार वेगवेगळी घरे काढू नयेत. पहिल्या वर्षी दहाऐवजी सहाच माणसे आली तरी चालतील. सरपंचांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांनी आठवड्यातून एकदा तेथे त्याच पंगतीत जेवावे. ते पाहून बाकीची हळूहळू येतील.

जे अंथरुणावर आहेत त्यांचे काय? त्यांना या घरात आणू नये. त्यांच्या घरी जाणारे माणूस हवे. जपानमध्ये गावोगाव नेमलेले कल्याण-स्वयंसेवक असतात. ही पद्धत तेथे १९१७ साली ओकायामा प्रांतात सुरू झाली. आज देशभर असे सुमारे सव्वादोन लाख लोक आहेत, त्यांना पगार नाही, नेमणूक तीन वर्षांची असते आणि ठरलेल्या घरांची खबर ठेवणे एवढेच त्यांचे काम. दिवा लागला नाही, दुधाची बाटली दारातच राहिली, की ते जाऊन दार वाजवितात. आता या स्वयंसेवकांचेच वय झाले असून नवे लोक मिळत नाहीत, ही तेथील अडचण आहे. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांना हे काम सहज उचलता येईल. संघांचे कार्य वाढदिवस, सहली आणि व्याख्याने यांपुरते बहुधा राहते. व्याख्यात्याने हे बोलणे कृतघ्नपणाचे असले तरी बोलतो. प्रत्येक सभासदाने पाच घरे घ्यावीत. एक दिवसाआड दार वाजवावे. आशाताईंवर आधीच पुष्कळ ओझे आहे; हे त्यांच्या डोक्यावर टाकू नये, फक्त त्यांना कळवावे.

कायद्याविषयी थोडेसे

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण सभेपूर्वी आलेल्या चिठ्ठ्यांत बहुतेक प्रश्न त्याविषयीच आहेत. आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मिळवून देणारा कायदा सिंगापूरने १९९५ मध्ये केला. आपल्या देशात हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये आणि केंद्राने २००७ मध्ये तसाच मार्ग धरला. महाराष्ट्रात केंद्राचा कायदा १ मार्च २००९ पासून लागू आहे. सिंगापूरने मात्र केवळ कायद्यावर भिस्त ठेवली नाही. आई-वडिलांसह किंवा त्यांच्या जवळपास घर घेणाऱ्या मुलांना तेथे सरकार २०१५ पासून घरखरेदीसाठी अनुदान देते. धाक आणि सोय दोन्ही एकत्र चालतात. शिवाय दाव्यापूर्वी समेटाचा प्रयत्न तेथे सक्तीचा केला आहे, कारण हुकूमनामा मिळाला तरी त्याच घरात परत राहावयाचे असते. आपल्याही कायद्यात समेट अधिकाऱ्याची तरतूद आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. त्याचा निकाल साधारणपणे नव्वद दिवसांत लागावा, अशी तरतूद आहे. अर्ज स्वतः करता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीमार्फत किंवा संस्थेमार्फत करता येतो. येथे बसलेल्या संघांनी ही जबाबदारी घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बक्षीसपत्र करून जमीन किंवा घर मुलाच्या अगर पुतण्याच्या नावे करावयाचे असेल, तर त्या दस्तातच सांभाळ करण्याची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. अट मोडली तर तो व्यवहार रद्द ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला कायद्याच्या कलम २३ ने दिला आहे. दस्तात अट नसली की पुढे ती होती, हे सिद्ध करणे फार अवघड जाते. मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, म्हणून लोक ती ओळ गाळतात. ज्याचा सांभाळ करण्याचा इरादा आहे, त्याला ती ओळ जड जाणार नाही. विधवा बाईंच्या बाबतीत तर सात-बारावर त्यांचे नाव वारस म्हणून लागले आहे की नाही, हेच प्रथम तलाठ्याकडे पाहावे. ते नसेल तर बक्षीसपत्राचा प्रश्नच येत नाही, कारण देण्यासारखे त्यांच्या हाती कागदोपत्री काही राहिलेलेच नसते.

आणखी चिठ्ठ्या आहेत, त्यांना मी आता एकेक करून उत्तर देतो. तत्पूर्वी एक विनंती. टोळ्या निघावयास अवकाश आहे, तोवर प्रत्येक गावाने तीन याद्या कराव्यात : हंगामात मागे एकटे राहणारे कोण, अंथरुणावर कोण आणि ज्यांच्या शौचालयाला दोन पायऱ्या आहेत असे कोण. तिसरी यादी करावयास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. गावातला गवंडी बरोबर घेऊन निघाले की झाले.